दोन राउटर, एकच सॉकेट

राउटिंग, म्हणजे नेटवर्कमध्ये डेटाची वाट ठरवणं, शिकायला घेतलं तेव्हा माझ्याकडे जुना लॅपटॉप होता, राउटर एकही नव्हता. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमुळे, म्हणजे एकाच मशीनवर वेगवेगळी नेटवर्क थाटण्याच्या सोयीमुळे, काम सुरू झालं. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःचे इंटरफेस, स्वतःचं राउटिंग टेबल, स्वतःची पोर्ट्स मिळतात, त्यामुळे एकाच मशीनवर दोन बीजीपी डीमन (राउटरांमध्ये मार्गांची देवाणघेवाण करणारे, मागे चालू राहणारे प्रोग्राम) १७९ पोर्ट सुखाने वापरू शकतात. मी आर१ आणि आर२ असे दोन नेमस्पेस केले, व्हेथच्या जोडीने, म्हणजे आभासी केबलने, जोडले, आणि दोन्हीकडे एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर चालू करायला घेतलं. (नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक, म्हणजे स्वतःशीच बोलण्याचा इंटरफेस, बंद असतो. तो आधी चालू करा.)

आर१ मधला झेब्रा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) मार्ग भरणारा एफआरआरचा डीमन, उठला. आर२ मधला लगेच पडला, कारण पीआयडी फाइलला, म्हणजे चालू डीमनचा क्रमांक ठेवणाऱ्या फाइलला, आधीच कुलूप होतं. तो संदेश मी वाचलाच नाही. आर२ मध्ये शिरून व्हीटीवायएसएच (एफआरआरला आज्ञा देण्याचं साधन) चालवलं तर ते व्यवस्थित उघडलं, आणि आतमध्ये इंटरफेस दिसत होते आर१ चे! मग मी पीआयडी फाइलची जागा तेवढी बदलली. आता आर२ चा झेब्रा उठला, पण आर१ मधून विचारलं तरी उत्तर आर२ चं येऊ लागलं.

कारण समजायला दोन रात्री गेल्या. झेब्रा आणि बीजीपीडी (एफआरआरचा बीजीपी डीमन) एकमेकांशी युनिक्स सॉकेटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांना जोडणाऱ्या दुव्यावरून, बोलतात, आणि त्या सॉकेटला फाइल सिस्टिममधला पत्ता असतो. नेटवर्क नेमस्पेस त्या पत्त्याला हात लावत नाही. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सॉकेट (ज्यांना फाइलचा पत्ता नसतो ते) वेगळे होतात, फाइलचा पत्ता असलेले सामायिकच राहतात. दुसऱ्या झेब्राने पहिल्याची सॉकेट फाइल पुसून त्याच जागी आपली मांडली होती. त्यानंतर आर१ मध्ये नवा बीजीपीडी चालू केला असता, तर त्याने शिकलेले मार्ग आर२ च्या कर्नलमध्ये गेले असते. या गोष्टीची मला आजही धास्ती वाटते, कारण असा गोंधळ कुठलीही चूक न दाखवता चालू राहतो.

उपाय सोपा आहे. एफआरआरच्या प्रत्येक डीमनला कॅपिटल एनचा पर्याय आणि नाव द्या. सॉकेट, पीआयडी फाइल आणि कॉन्फिग त्या नावाच्या उपफोल्डरमध्ये जातात. फोल्डर आधी बनवून मालकी एफआरआर युजरला द्या. व्हीटीवायएसएचलाही तेच नाव द्यायचं, हे विसरू नका. बर्ड या दुसऱ्या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल सॉकेटचा पत्ता लहान एसने बदलतो.

दुसरी वाट माउंट नेमस्पेसची, म्हणजे फाइल सिस्टिमचं दृश्यच वेगळं करण्याची: सॉकेट जिथे असतात त्या रनच्या फोल्डरवर वेगळा टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइल सिस्टिम) चढवायचा. इथे एक खाच आहे. नेमस्पेसमध्ये प्रोग्राम चालवणारी आयपी नेटएनएस एक्झेक ही आज्ञा दर वेळी नवा माउंट नेमस्पेस बनवते, म्हणून एका खेपेत चढवलेला टीएमपीएफएस पुढच्या खेपेत दिसत नाही. अशा वेळी चालू डीमनचा पीआयडी घेऊन एनएसएंटर या आज्ञेने त्याच्या नेटवर्क आणि माउंट अशा दोन्ही नेमस्पेसमध्ये शिरा.