जलपर्णी काढताना या चुका टाळा

फेब्रुवारीत पोकलेन लावून तलाव मोकळा करायचा आणि मेमध्ये पुन्हा पाणी दिसेनासं व्हायचं, ही तक्रार महाराष्ट्रात दरवर्षी कुठे ना कुठे ऐकू येते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो.

पहिली चूक म्हणजे सफाईनंतरच्या वेचणीसाठी पैसेच न ठेवणं. ऊन आणि सांडपाणी भरपूर मिळालं की जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. काठच्या गवतात शंभर रोपं अडकून राहिली, तर दोन महिन्यांत ती सोळाशे होतील. शिवाय गाळातलं बी पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ओल्या काठावर रुजतं. म्हणून मोठी सफाई झाल्यावर दर आठवड्याला काठ फिरून रोपं हातानं उपटावी लागतात. निविदेत हे काम क्वचितच असतं.

काढलेला ढीग काठावर सोडणं तर नेहमीचंच. जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे ती वाहून न्यायला कुणाला नको असते. पण ढीग कुजला की त्यातलं नत्र-स्फुरद पहिल्या पावसात परत तलावात. ढीग पूररेषेबाहेर न्या. खत जरूर करा, पण कारखान्यांचं पाणी येणाऱ्या नदीतली जलपर्णी शिसं, कॅडमियम, क्रोमियम शोषून घेते. ते खत तपासल्याशिवाय भाजीला घालू नका. गुरांनाही ती जलपर्णी नको.

नदीत ती पुढे ढकलून देणं ही सफाई नव्हेच. पवनेतली जलपर्णी दापोडीला मुळेत येते आणि तिथून पुढे भीमेपर्यंत जाते.

सगळ्यात महागात पडते ती सरसकट सफाई. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ती जायलाच हवी. पण तिच्यासोबत पाण्याखालची हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया, काठचं पाणकणीस, कुमुद असं सगळंच खरवडलं जातं. उथळ तलावात या बुडीत वनस्पती गाळ धरून ठेवतात. सूक्ष्म शैवाल खाणारे डॅफ्नियासारखे जीव दिवसा त्यांच्याच आडोशाला माशांपासून लपतात. त्या गेल्या की गाळ उठतो, शैवाल माजतं, पाणी हिरवं गढूळ होतं, आणि तळापर्यंत ऊन पोचत नसल्यानं बुडीत वनस्पती पुन्हा उगवणं अवघड होऊन बसतं. कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पानांवरच असतं, तेही जातं. होडीपुरती वाट कापा, बाकी राहू द्या. ‘स्वच्छ’ तलावाचे फोटो छान येतात, हे मान्य!

तणनाशक फवारून मोकळं होण्याचा मोह टाळा. मेलेली झाडं तळाशी कुजताना प्राणवायू ओढतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड काढताना दिसले, तर तेच चाललंय.

जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगे भारतात 1980च्या दशकात बेंगळुरूच्या तळ्यांत सोडले गेले. ते जलपर्णीची पानं खरवडतात, अळ्या देठ पोखरतात. मात्र त्यांचा परिणाम दिसायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि पुरात सगळं वाहून नेणाऱ्या नदीपेक्षा साचलेल्या तळ्यात ते बरे टिकतात. भुंगे सोडलेल्या तळ्यात यंत्र घालायचंच असेल, तर एक कोपरा न काढता ठेवा, नाहीतर भुंगेही ट्रकमधून जातील. आणि कुठलीही पद्धत निवडण्याआधी तलावात उतरणारे नाले मोजा. त्यांतलं सांडपाणी अडत नसेल, तर वेचणीचा खर्च दरवर्षीचा धरा.