कपाशीवर फवारणी करताना या चुका टाळा

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा अंगावरच येत होता.

तोंडाला दुपट्टा बांधला की झालं, ही सगळ्यात मोठी चूक. फवारणीत विष नाकापेक्षा कातडीतून जास्त शिरतं. भिजलेला दुपट्टा म्हणजे तर औषधाचा बोळाच तोंडावर.

खरा धोका बाटली उघडताना असतो. 15 लिटरच्या पंपाला 30 मिली औषध घातलं की ते 500 पट पातळ होतं. म्हणजे ओतताना बोटावर सांडलेला एक थेंब पंपातल्या 500 थेंबांच्या तोडीचा! तरी हातमोजे निघतात ते फवारताना. मिसळणं उघड्या हातानंच. मोजे नायट्रिल रबराचे घ्या, सुती मोजे औषध पितात. पीक उंच असून हात वर जात असतील तर बाही मोज्याच्या आत खोचा, नाहीतर ओघळ थेट कोपरापर्यंत. पँट मात्र गमबुटाच्या बाहेर.

पंपात आधी साधं पाणी भरून दाब द्या. झाकणाचा वॉशर, नळीचा जोड, खटका पाझरतो का बघा. पाठ ओली झाली की मजूर घाम समजून चालत राहतो. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका आणि तारही खुपसू नका, भोक मोठं होतं. जुना टूथब्रश आणि पाणी पुरतं.

वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, फवारलेल्या ओळीत शिरू नका. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटायचा तर आधी साबणानं हात धुवा. (सांगूनही कुणी ऐकत नाही, म्हणून पुडी बांधावरच ठेवायला लावा.)

‘काल काही झालं नाही’ याला अर्थ नाही. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी रक्तातलं कोलिनेस्टरेज (नसांचं काम नीट चालायला लागणारं द्रव्य) उतरतं आणि ते भरून यायला आठवडे लागतात. सलग फवारणाऱ्याला चौथ्या दिवशी कमी औषधही भोवतं.

डोकं गरगरणं, लाळ, घाम, उलटी, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी होणं, मांस फडफडणं: यातलं काहीही दिसलं की कपडे उतरवा आणि भरपूर पाण्यानं, साबणानं अंग धुवा. धुणाऱ्यानंही मोजे घालावेत. दूध पाजू नका, उलटी करवू नका. उलटीबरोबर औषधातलं द्रावक फुप्फुसात गेलं तर दुहेरी संकट. 108 ला फोन करा आणि बाटली लेबलासकट सोबत न्या. दोन औषधं मिसळली असतील तर दोन्ही बाटल्या न्या.