मोटर इमेजरीवर प्रोजेक्ट घेताय? आधी सिग्नल बघा भो

मोटर इमेजरी म्हणजे हात-पाय न हलवता हलवल्याची नुसती कल्पना करायची, अन् ईईजीवरून, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या सिग्नलवरून, ती ओळखायची. ज्युनिअर पोरं पहिला प्रश्न विचारतात की कोणतं डीप लर्निंग मॉडेल लावू. मी पण जळगावला शेवटच्या वर्षाला तेच केलं होतं, सिग्नल न बघता डायरेक्ट मॉडेल, ९४ टक्के आले अन् दोन दिवस कॉलर टाईट. मग लक्षात आलं की सीएसपी फिल्टर (दोन कल्पनांमधला फरक ठळक दिसेल असे चॅनेल एकत्र करणारा) मी आख्ख्या डेटावर शिकवून बसलो होतो, ट्रेन-टेस्ट नंतर वेगळं केलं, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. नीट केल्यावर राहिले ६१.

गोष्ट तशी साधीये. हात निवांत असला की मेंदूच्या हालचालीच्या भागावर साधारण ८ ते १२ हर्ट्झची म्यू लय चालू असते, हात हलवल्याची नुसती कल्पना केली तरी ती दबते. उजव्या हाताची केली तर जास्त करून डावीकडे, सी३ इलेक्ट्रोडवर, अन् डाव्याची केली तर सी४ वर. बस, हेच शोधायचंय.

सुरुवात फुकटच्या डेटापासून करा. बीसीआय (मेंदू अन् कॉम्प्युटरची जोडणी) कॉम्पिटिशन ४ चा २ए सेट घ्या, ९ माणसं, २२ ईईजी चॅनेल, २५० हर्ट्झ. त्यात डावा हात, उजवा हात, पाय, जीभ असे चार क्लास आहेत, म्हणजे तुक्का मारला तरी २५ टक्के येतात हे ध्यानात ठेवा. एमएनई नावाच्या पायथॉन लायब्ररीत उघडा, सी३ अन् सी४ चे आलेख काढून एकेका माणसाचे बघत बसा. कुणाचं झकास दिसतं, कुणाचं काहीच नाही, तिथं कोड तपासून डोकं फोडून घेऊ नका.

स्वतः रेकॉर्डिंग करणार असाल तर आपल्याकडचे ताप वेगळे. मे महिन्यात घामाने सिग्नल नुसता वरखाली पोहतो, डोक्याला तेल असेल तर इलेक्ट्रोड नीट लागत नाही, अन् लॅपटॉप चार्जिंगला असला की ५० हर्ट्झची गुणगुण, म्हणून बॅटरीवरच चालवा.

माझा आतेभाऊ दोन रविवार बसला, सी४ वर काही म्हणता काही नाही. विचारलं तर म्हणे, मला माझा हात समोर टीव्हीवर दिसल्यासारखा दिसतो. तिथंच घोळ होता, हात बघायचा नसतो, बोटांत जाणवला पाहिजे. मग त्याला म्हटलं, डाव्या हाताने गाडीचा क्लच दाब, बोटांना जोर लागतो ना, तेवढंच आठव. चाळीस वेळा दाबून झाल्यावर डोळे चोळत म्हणतो, "भो, मी तर धुळ्यापर्यंत जाऊन आलो." आलेखात सी४ वर १० हर्ट्झपाशी निळा पट्टा उमटलेला, म्हणजे लय दबलेली.