इलेक्ट्रिक गाडीचं ब्रेक ऑईल: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड करून मी चिपळूणच्या एका गॅरेजात लागलो. पहिले सहा महिने माझ्याकडे एकच काम होतं, ब्रेकमधलं जुनं ऑईल आणि हवा काढताना मदत करायचं. ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, ब्रेकचं पेडल दाबून धरायचं आणि खालून मेस्त्रींनी "सोड" म्हटलं की सोडायचं. आता आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्या येतात आणि नवी मुलं विचारतात, "या गाड्यांत ब्रेकचं काय काम? पॅड तर झिजतच नाहीत." त्या मुलांसाठी हे लिहितोय.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गुहागरचे एक शिक्षक त्यांची इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. गाडी साडेतीन वर्षांची, २२,००० किलोमीटर चाललेली. आदल्या दिवशी कराडहून येताना ते कोयनानगरला जेवायला थांबले, तेवढ्यात बॅटरी शंभर टक्के भरून घेतली आणि लगेच कुंभार्ली घाट उतरायला लागले. पोफळी जवळ आली तसं पेडल मऊ पडत गेलं. शेवटच्या वळणांना दोन-तीनदा पंप केल्याशिवाय ब्रेक धरेना. खाली आल्यावर अर्धा तास गाडी बाजूला उभी केली, तर पेडल पुन्हा पहिल्यासारखं कडक. गाडीत घरची सगळी माणसं होती. सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

मागचं चाक काढलं तर पॅड जवळजवळ नवे. पण कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) एक पिन गंजून जाम झालेली, पॅड डिस्कला घासत राहिलेला, डिस्क निळसर पडलेली. ब्रेक ऑईल, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव, उकळून तपासायच्या यंत्रावर आकडा आला १४८ अंश. गाडीत होतं डॉट ४ दर्जाचं ऑईल. हे ऑईल कोरं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. या गाडीतलं त्याच्याही खाली गेलेलं. घाटात ऑईल उकळलं आणि त्याची वाफ झाली. ऑईल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली गेलं. गाडी थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑईल झालं आणि पेडल वर आलं. "आता बरोबर लागतोय" म्हणून असा गिऱ्हाईक परत जायला निघाला तर त्याला सोडू नका.

पण मुळात घाटात एवढी उष्णता आली कुठून? पेट्रोलची गाडी आपण दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. इलेक्ट्रिक गाडीत ते काम मोटर करते. उतारावर मोटर वीज तयार करते, ती बॅटरीत जाते, गाडीचा वेग आवरला जातो. याला रीजेन म्हणतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते, मग रीजेन अगदी कमी होतं आणि सगळा भार पॅड-डिस्कवर येतो. बॅटरीमुळे या गाड्या तशाच आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जडही असतात. म्हणून घाटमाथ्यावर चार्जिंग करणाऱ्याला आम्ही सांगतो, ऐंशी टक्क्यांवर थांबा, घाटातल्या विजेला जागा ठेवा.

आता मुख्य मुद्दा. पेट्रोलच्या गाडीत पॅड झिजतात, तसतशी डबीतली ऑईलची पातळी उतरते, दिवा लागतो, गिऱ्हाईक येतो. इंजिन ऑईलसाठी तर तो वर्षाला येतोच आणि त्या निमित्ताने ब्रेककडे कुणाची तरी नजर जाते. इलेक्ट्रिक गाडीत पॅड फार हळू झिजतात, पातळी फारशी हलत नाही, इंजिन ऑईल नाही. डबीचं झाकण वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही. ऑईल मात्र किलोमीटर मोजत नाही. रबरी होजमधून, झाकणाच्या बारीक वाटेतून ते हवेतला दमटपणा ओढत राहतं, गाडी उभी असली तरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चादर ओलसर लागते, तिथे या ऑईलचं काय होत असेल ते समजून घ्या. पाणी ओढणं हा त्याचा दोष नाही. डॉट ३, ४ आणि ५.१ मुद्दामच तशी असतात, कारण पाणी ऑईलमध्ये विरघळलं नाही तर ते कॅलिपरच्या तळाशी साचेल, तिथे गंज धरेल आणि शंभर अंशांना उकळेल. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं म्हणून ते यात मिसळू नका.

बदलायचं कधी, हे त्या गाडीच्या पुस्तकात बघा. बऱ्याच कंपन्या दोन वर्षं सांगतात, काही ठरावीक काळाने तपासून ठरवायला सांगतात. किनाऱ्यावरच्या गाडीला मी स्वतः दोन वर्षांच्या पुढे जाऊ देत नाही. पेनासारखा टेस्टर लाल-हिरवा दिवा दाखवतो, पण तो विजेच्या वाहकतेवर चालतो आणि काही नवी ऑईलं मुद्दाम कमी वाहक बनवलेली असतात. उकळून तपासणारं यंत्र महाग आहे, तरी भरवशाचं. रंगावरून काहीच ठरवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपण सगळे याला "ब्रेक ऑईल" म्हणतो, मीही म्हणतो, पण हे तेल नाही. एका गाडीत कुणीतरी डबी कमी दिसली म्हणून स्टिअरिंगचं ऑईल ओतलं होतं. सगळे रबर सील फुगले, ब्रेक सुटेनात, पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत सामान बदलावं लागलं. डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय थेंबही टाकू नका. गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी मारा, नाहीतर रंग उचलेल.

हाताचं काम दोन्ही गाड्यांत बरंचसं एकच. खाऱ्या हवेने कॅलिपरवरचा निपल (ऑईल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू) धरून बसतो, म्हणून आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि रिंग पानाच लावा, साध्या पान्याने कडा मारल्या जातात. निपल उघडा असताना पेडल सुटलं की हवा आत ओढली जाते, म्हणून "सोड" नेहमी निपल आवळल्यावरच. जुन्या गाडीत पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नसतो तिथे गंज असतो, त्यावर सील फाटतो. आम्ही पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. बाटली सीलबंद आणा, उरलेलं पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका.

इलेक्ट्रिक गाडीत वेगळं आहे ते इंजिनचा व्हॅक्यूम नसणं. म्हणून पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला विजेचा पंप असतो किंवा बूस्टरच विजेवर चालतो. अशा काही गाड्यांत नुसतं दार उघडलं तरी ब्रेकची यंत्रणा जागी होते, म्हणून चावी गाडीपासून लांब ठेवा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडला टाकल्याशिवाय कॅलिपरमध्ये बोट घालू नका. काही गाड्यांत हवा काढायचा क्रमही स्कॅनरच सांगतो. नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या वायरींना हात लावायचा नाही, ते प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

सरांच्या गाडीची चारही कॅलिपर उघडून पिना साफ केल्या, पिनांचं ग्रीस भरलं, ऑईल पूर्ण बदललं. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, रीजेन शून्यावर ठेवून चार-पाच वेळा नीट ब्रेक मारायला सांगितलं, म्हणजे डिस्कवरचा गंज निघतो. डबीजवळ तारखेचा स्टिकर लावला. परवा त्यांचा फोन आला होता, शाळेतल्या दुसऱ्या सरांची गाडी तीन वर्षांची आहे, झाकण कधी उघडलेलं नाही, रविवारी आणू का म्हणून.