घरच्या माणसाला डिमेन्शियावरच्या अभ्यासात न्यायचं असेल तर

डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज कमी होत जाण्याचा आजार. सासूबाईंना घेऊन मी त्यावरच्या एका संशोधनाच्या अभ्यासाला जाते, म्हणून आधी हेच सांगते: नाव एकाचं नोंदवलं तरी भाग दोघं घेतात, विसरणारा आणि त्याला सांभाळणारा. गॅस बंद करायचं राहतं का, सुट्ट्या पैशांचा हिशोब जमतो का, रात्री उठून दार उघडतात का, हे सगळं डॉक्टर तुम्हालाच विचारणार. म्हणून जो माणूस त्यांच्यासोबत खरोखर राहतो, त्यानेच जावं. गाडी आहे म्हणून पुतण्याला पाठवू नका.

अभ्यास शोधायला ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर फुकट बघता येते. २००७ साली ती सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्या तिथे नोंदवणं सक्तीचं झालं. शोध इंग्रजी अक्षरांत करावा लागतो. ‘डिमेन्शिया’, ‘अल्झायमर’, ‘केअरगिव्हर’ (म्हणजे सांभाळणारा) असे वेगवेगळे शब्द घालून पाहा, हवं तर नातवंडांना बसवा. नोंद उघडली की चार गोष्टी बघायच्या: भरती चालू आहे का, आपल्या जवळच्या शहरात केंद्र आहे का, वयाच्या आणि आजाराच्या अटी काय, आणि चौकशीसाठी कोणाचा फोन दिलाय. नोंदणी क्रमांक वहीत उतरवून घ्या.

सगळ्या अभ्यासांत औषध देतात असं नाही. काहींत नुसते प्रश्न, काहींत रक्त आणि एमआरआय, काहींत सांभाळणाऱ्यालाच शिकवतात. ज्यांची स्मरणशक्ती धड आहे, तीही माणसं लागतात. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात बेंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५ वर्षांपुढच्या गावकऱ्यांना वर्षानुवर्षं तपासतंय. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना डिमेन्शिया असावा, हा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाजसुद्धा ज्येष्ठांनी चाचण्या दिल्या आणि घरच्यांनी उत्तरं दिली म्हणूनच काढता आला.

संमतीपत्रावर पहिल्या भेटीत सही करायची घाई नको. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, मोठ्याने वाचा. विचारा: काहींना औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देणार का? चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? रिपोर्ट आम्हाला मिळणार का? मधेच थांबलो तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना? औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. सही केलेल्या कागदाची प्रत आणि एथिक्स कमिटीचा, म्हणजे भाग घेणाऱ्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर घेतल्याशिवाय उठू नका. भाग घेण्यासाठी कोणी पैसे मागितले, तर तिथे जायचंच नाही.

माणसाला कागद समजत नसेल तर कायद्याने मान्य असलेला नातेवाईक सही करतो. तरी त्यांना विचारायचं ते विचारायचंच, आणि दर वेळी. “आई, आज रक्त काढतील, चालेल का?” एकदा त्यांनी हात मागे घेतला. सिस्टरने लगेच सुई बाजूला ठेवली, एका शब्दाने आग्रह केला नाही. त्या जागेवर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

चाचणीची वेळ त्यांच्या ताजेपणाची मागा; आमच्याकडे सकाळी, नाश्ता झाल्यावर. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर एमआरआयच्या आधीच सांगा. शिक्षण किती आणि घरात बोली कोणती, हेही सांगा, कारण शाळा न शिकलेल्यांना पाटीवरच्या गणितासारखे प्रश्न अन्यायाचे ठरतात. म्हणूनच हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार करावी लागली होती. आदल्या रात्री उत्तरं पाठ करून घेऊ नका आणि शेजारी बसून सुचवूही नका. आई तारीख विचारली की तिथी सांगतात, आणि ती बरोबर असते. हे मी चाचणी संपल्यावर डॉक्टरांच्या कानावर घातलं, मधे नाही.

तुमच्या मुलाखतीसाठी वेगळी खोली मागा. “पाटल्या स्वतःच लपवतात आणि माझ्यावर आळ घेतात” हे त्यांच्यासमोर बोलायचं नसतं. शब्द विसरल्या तरी अपमान त्यांना कळतो.

सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला झारिट नावाच्या संशोधकाची २२ प्रश्नांची यादी बऱ्याच ठिकाणी वापरतात. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, राग येतो का, असे प्रश्न असतात आणि उत्तर ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत द्यायचं असतं. आपल्याकडच्या बायका संकोचाने ‘कधीच नाही’वर खूण करतात. कृपा करून तसं करू नका. तुम्ही थकला नाहीत असं कागदावर गेलं, तर मदतीची गरज नाही असाच त्याचा अर्थ निघेल. राग येत असेल तर ‘येतो’ म्हणा. आईंवर माझा जीव आहे आणि मला रागही येतो. मी दोन्ही सांगितलं.