डी अँड डीमधे शस्त्राचं डॅमेज कसं काढायचं
डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोल-प्ले गेम, आणि डॅमेज म्हणजे वाराने समोरच्याचं होणारं नुकसान. पाचव्या एडिशनचं सांगतोय हां, बाकी गेम्सचं गणित वेगळं असतं. आधी वीस बाजूंचा फासा टाका, त्यात स्ट्रेंग्थ मॉडिफायर (पात्राच्या ताकदीवरून ठरणारा आकडा) आणि प्रोफिशियन्सी बोनस (शस्त्र चालवण्याच्या सरावाचा) मिळवा, बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (त्याला वार लागणं किती कठीण, तो आकडा) किंवा जास्त आली की वार लागला. मग डॅमेजचा फासा, आणि नवीन लोक हमखास इथेच गडबडतात, कारण प्रोफिशियन्सी डॅमेजमधे धरायचीच नाही, फक्त मॉडिफायर.

समजा फायटरची, म्हणजे लढवय्या पात्राची, स्ट्रेंग्थ 16, म्हणजे मॉडिफायर +3. लाँगस्वोर्ड एका हातात असेल तर आठ बाजूंचा फासा, दोन्ही हातांनी धरली तर दहाचा. आठच्यावर 5 पडले तर 5 + 3 = 8, झालं. खंजीर किंवा रेपियरला स्ट्रेंग्थऐवजी डेक्स्टेरिटी (चपळाई) घेतली तरी चालते.

वीसच्या फाशावर थेट 20 पडला की क्रिटिकल, तेव्हा डॅमेजचे फासे डबल टाकायचे पण मॉडिफायर एकदाच, पूर्ण बेरीज दुप्पट नाही करायची.

ग्रेटस्वोर्डला सहाचे दोन फासे, सरासरी 7, ग्रेटअ‍ॅक्सला बाराचा एक, सरासरी साडेसहा, त्यामुळे भरवसा हवा तर तलवारच घ्या, मला मात्र तो बाराचा फासा गडगडताना बघायला जाम आवडतं.

रेझिस्टन्स, म्हणजे समोरच्यावर त्या प्रकारचा मार कमी चालत असेल तर, ते सगळ्यात शेवटी: बेरजेचं अर्धं, अपूर्णांक सोडून द्यायचा, 11 चे 5. व्हल्नरेबिलिटी, म्हणजे त्या माराला तो कमजोर असेल तर दुप्पट. सांगाड्यांना बोथट मार डबल लागतो, त्यामुळे साध्या गदेवर 4 पडले तरी 4 + 3 = 7 चे 14 होतात आणि सरासरी 13 हिट पॉइंट्सचा (म्हणजे तेवढा मार सोसणारा) सांगाडा एका फटक्यात खल्लास.