ताजचा इतिहास बघायचाय? मग आधी मागच्या गल्लीत जा

मुंबईत गेटवे ऑफ इंडियाला पोचलात की सगळे ताज हॉटेलकडे पाठ करून सेल्फी काढतात, तुम्ही उलट करा, गेटवेकडे पाठ करा. आणि एक हिशोब डोक्यात ठेवा, ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला आणि गेटवे पूर्ण झालं १९२४ मध्ये. म्हणजे जमशेटजी टाटांनी हॉटेल काढलं तेव्हा समोर कमान-बिमान काही नव्हती, नुसतं अपोलो बंदर. डावीकडची लाल घुमटवाली जुनी बिल्डिंग, उजवीकडचा उंच टॉवर १९७० च्या दशकातला, त्याच्यावर फार वेळ घालवू नका.

आता फिरून मागे जा. कुणीतरी तुम्हाला सांगणारच की बिल्डिंग चुकून उलटी बांधली आणि ते बघून आर्किटेक्टने वरून उडी मारली. साफ थाप आहे हो! बिल्डिंग यू आकाराची, दार मुद्दाम शहराच्या बाजूला, घोडागाड्या तिकडूनच यायच्या आणि समुद्राचा वारा खोल्यांना मिळायचा. त्या जुन्या दाराच्या जागी आता स्विमिंग पूल आहे. आणि आर्किटेक्ट कोण, तर आपले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य काम चालू असतानाच गेले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरने ते पुरं केलं. एवढ्यावरून लोकांनी उडीची गोष्ट रचली असणार, मला तरी तसंच वाटतं.

आत जायला टॉवरच्या दाराने जा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उगाच घाबरून सिक्युरिटीला बॅग दोनदा उघडून दाखवली, तसं काही करायची गरज नाही. लॉबीत २६/११ च्या हल्ल्यात ताजमध्ये गेलेल्या ३१ जणांची नावं कोरलेली आहेत, तिथे मोबाईल खिशात ठेवा आणि नावं वाचा. मग स्टाफला नीट विचारून जुन्या विंगमधला मधला जिना बघा, सोराबजी काँट्रॅक्टर यांचं काम. खाली उभं राहून मान वर केली की खांब शोधत बसाल, जिना अधांतरी लटकल्यासारखा वाटतो. पहिल्या महायुद्धात याच बिल्डिंगमध्ये ६०० खाटांचं हॉस्पिटल होतं, ते आठवून बघा.

चहा प्यायचा असेल तर सी लाउंज, पण रेट आधी मोबाईलवर बघून घ्या नाहीतर घास अडकेल. आणि फोटो सकाळीच, समोरची बाजू पूर्वेला आहे, दुपारनंतर सगळं ऊन मागच्या त्या जुन्या दाराकडे जातं.